न उचललेला भंडारा

दिंद्रुडचा रस्ता सोडून आत वळलं की जे गाव लागतं, त्या गावात माणसं शपथ मिठासारखी वापरतात. खरं तर मीठ टाकताना हात जरा आखडतो, शपथेला तेवढंही नाही. दुधात पाणी नाही, आईशपथ. तुमची कोंबडी आमच्याकडं आलीच नाही, गळ्याशपथ. चहा आत्ताच झाला, देवाशपथ. शपथ खाणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही, की याचा अर्थ एवढाच, आता पुढं विचारू नका. कुणी वाईट वाटून घेत नाही. अशा गावात बायनाबाईसारखी बाई असणं म्हणजे भरल्या पंगतीत एकानं उपास धरून बसण्यासारखं होतं. त्याचा त्रास तिला कमी आणि जेवणाऱ्यांना जास्त.

बायनाबाई मातंग वस्तीतली. त्या वस्तीत तीन घरं ख्रिस्ती, बाकीची हिंदू, आणि बाहेरच्या गावाच्या लेखी सगळी एकाच मापाची. तिच्या सासऱ्यानं कुठल्याशा जुन्या दुष्काळात मिशनच्या साहेबाच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता. गाव म्हणायचं, गव्हासाठी घेतला. असेलही. पोट काय कुणाला चुकलंय? पण त्याचा मुलगा धोंडीराम, म्हणजे बायनाबाईचा नवरा, यानं मात्र ते सगळं मनावर घेतलं. सकाळी रानात जायच्या आधी तो ओट्यावर बसून शुभवर्तमान मोठ्यानं वाचायचा. येणारे-जाणारे हसायचे, तो आवाज आणखी चढवायचा.

लग्न होऊन आली तेव्हा बायनाबाई चारचौघींसारखीच होती. एकदा धोंडीरामानं विचारलं, म्हशीला पाणी पाजलंस का. ती चुलीपाशी होती. उठायचा कंटाळा आला होता. म्हणाली, "पाजलं की, तुमच्या डोक्याशपथ!" तेवढ्यात गोठ्यात म्हैस अशी काही हंबरली, की तिनंच कोर्टात साक्ष दिल्यासारखं झालं. धोंडीराम रागावला नाही. बायकोपाशी येऊन बसला आणि डोकं पुढं केलं.

"ह्यातला येक केस काळ्याचा पांढरा करून दाखव."

"आसं कसं यील करता?"

"मग जे तुझ्या हातात न्हाई ते गहाण कशाला ठिवतीस? येशू म्हनतो, शपथ वाहूच नका. व्हय तं व्हय, न्हाई तं न्हाई. त्याच्याउपर जे बोलनं, त्यात सैतान शिरतो."

ती लाजली, उठली, म्हशीला पाणी दाखवलं. त्या दिवसापासून बायनाबाईच्या तोंडून शपथ गेली ती गेलीच. वाचता तिला येत नव्हतं. पण एवढी एक ओळ तिनं अशी धरली, जशी नव्या सुनेनं दाराची चौकट धरावी.

हे वागणं दिसतं तेवढं सोपं नाही. एकदा ती माजलगावच्या बाजारात वगार, म्हणजे वयात आलेली पारडी, विकायला घेऊन गेली. गिऱ्हाइकानं विचारलं, लाथ मारती का? ती म्हणाली, मारती. गिऱ्हाईक विचारात पडलं. जी बाई एवढं आपण होऊन सांगते, ती लपवत किती असेल! ते निघून गेलं. दुसरं आलं, त्यालाही तेच सांगितलं, तेही गेलं. संध्याकाळी वगार घेऊन बाई परत. वस्तीतल्या बायका पोट धरून हसल्या. धोंडीराम तेवढा हसला नाही. त्यानं वगारीच्या गळ्यातली दोरी हातात घेतली आणि म्हणाला, "बरं झालं. मला बी ती द्यायची नव्हती." ते खरं होतं की बायकोची समजूत घालायला होतं, हे तिला कधी कळलं नाही. पण त्या एका वाक्यावर तिचा तो सगळा दिवस निभावला.

मग धोंडीराम गेला. लेक जालन्याकडं दिलेली. मागं दोन एकर खडकाळ रान, सेवा सहकारी सोसायटीचं सभासदपण, एक म्हैस आणि ही सवय एवढंच राहिलं. बोलायला एक मैत्रीण होती, धनगराची कडूबाई. कडूबाईची मेंढरं बायनाबाईच्या रानात बसायची. दोघी बांधावर मिश्री लावत बसत. कडूबाई वाक्यागणिक बिरोबाची आण घ्यायची आणि बायनाबाई नुसतं "व्हय" म्हणायची, असं त्यांचं छान जमलेलं होतं.

मग ते वर्ष आलं. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, पाण्याखाली गेलेले जुने बांध वर दिसायला लागले. उभा ऊस चिपाडासारखा वाळला. कारखान्याचं धुराडं हंगाम अर्ध्यावर टाकून थंड झालं. माणसांना टँकर तरी येत होता, जनावरांचं काय? सरकारनं चारा छावण्या काढल्या. गावची छावणी सोसायटीनं चालवायची ठरलं, आणि नेमकी त्याच वेळी सोसायटीची निवडणूक लागली. एरवी या सोसायटीच्या चेअरमनला सहीपुरतं महत्त्व. त्या वर्षी चेअरमन म्हणजे गावातल्या प्रत्येक दावणीचा धनी. कुणाची बैलजोडी जगायची आणि कुणाची बाजार दाखवायची, ते त्याच्या हातात.

गावात दोन पार्ट्या, आप्पारावाची आणि राधाकिशनची. दोघंही बागायतदार, दोघंही एकाच आळीतले, आणि आजोबापासून एकमेकांच्या लग्नाला न जाणारे. आप्पारावाला बायकांच्या राखीव जागांवर दोन बाया हव्या होत्या. एक त्यानं घरातलीच घेतली, धाकट्या भावाची विधवा, विमलबाई. दुसरी बायनाबाई. तिच्या मागं ना भाऊ ना मुलगा, म्हणजे डोक्याला ताप नाही, असा त्याचा साधा हिशेब.

"निवडून आलीस की चेअरमनला मत मलाच द्यायचं," तो म्हणाला.

बायनाबाईनं विचार केला. आप्पारावाचे कारखान्यात हात पोचलेले होते. चारा आणील तर तोच आणील.

"व्हय," ती म्हणाली.

निकाल लागला. आप्पाराव धरून त्याचे सात संचालक, राधाकिशन धरून त्याचे सहा. एका मताची आघाडी, म्हणजे काठावरचा कारभार. चेअरमनच्या निवडीचं मतदान गुप्त. मग काय, दोन्ही पार्ट्यांनी आपापले पुरुष संचालक गाडीत घालून देवदर्शनाला पळवले. बायका कुठं पळून जातात, म्हणून त्यांना घरीच ठेवलं. मतदानाच्या दिवशी सकाळी आप्पारावानं आपली सातही माणसं खंडोबाच्या देवळात गोळा केली. तिथं बेल-भंडारा उचलायचा होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती आणि बेलाचं पान तळहातावर घेऊन देवासमोर बोललेला शब्द मोडला, तर घराचं वाटोळं होतं. माणूस देवाशपथ दिवसातून वीसदा खाईल, पण भंडाऱ्याला सगळे भितात. म्हणून तर निवडणुकीत त्याला एवढा भाव.

एकेक जण पुढं झाला. आधी स्वतः आप्पाराव, मग त्याचा उजवा हात गहिनीनाथ, मग बाकीचे. विमलबाईनंही पदर सावरून भंडारा हातात घेतला आणि भरभर बोलून टाकलं. शेवटी बायनाबाईची पाळी आली. ती पायरीच्या खाली उभी होती.

"ये, उचल," गहिनीनाथ म्हणाला.

"मी शपथ घेत न्हाई."

"कावून? आप्पाला मत देनार न्हाईस?"

"देनार. म्हनलंय की मी."

"मग उचल की!"

"म्हनलंय तं मग उचलायचं काय काम?"

गहिनीनाथाला हे कोडं सुटेना. त्याची पन्नाशी उलटली होती, पण शब्दाला शब्दाचाच जामीन असतो असं त्यानं कुठं पाहिलं नव्हतं. मग त्याला वाटलं की आपल्याला उमगलं. बाई किरिस्ताव, खंडोबाला मानत नाही, एवढंच. "अय, हिचं बायबल आना बे कुनीतरी!" तो ओरडला.

बायनाबाईचा दीर उत्तरेश्वर पारावरच होता. गावाचा आपल्यामुळं खोळंबा नको म्हणून तो पळत गेला आणि धोंडीरामाचं फडक्यात बांधलेलं पुस्तक घेऊन आला. आपल्या धर्माला देवळात एवढा मान मिळाला म्हणून त्याला बरंही वाटत होतं. पुस्तक त्यानं दोन्ही हातांनी पुढं धरलं.

बायनाबाईनं पुस्तकाकडं पाहिलं. धोंडीरामाच्या अंगठ्यानं त्याचा एक कोपरा झिजलेला होता.

"भावजी, ह्याच्यातच लिव्हलंय शपथ वाहू नका म्हनून. आन ह्याच्यावरच हात ठिवून वाहू?"

मागून कुणी तरी म्हणालं, "घ्या! हिनं दोन्ही देवांना वाटंला लावलं." सगळे हसले. आप्पाराव हसला नाही. त्यानं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "चला, टाइम झाला."

सोसायटीच्या खोलीत मतदान झालं. अधिकाऱ्यानं चिठ्ठ्या उघडल्या आणि नावं वाचली. राधाकिशनला सात, आप्पारावाला सहा.

बाहेर राधाकिशनच्या माणसांनी गुलाल उधळला आणि इकडं आप्पारावाच्या माणसांनी बायनाबाईकडं माना वळवल्या. कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही. सहा जणांनी भंडारा उचललेला, एकीनं नाही. हिशेब पोरालाही यावा असा. आणि पहिली बोलली ती विमलबाई. "हिनंच! म्या डोळ्यानं बघितलं, हिनं भंडाऱ्याला हात लावला न्हाई!"

बायनाबाई आप्पारावासमोर जाऊन उभी राहिली. "आप्पा, मी तुमालाच दिलं."

आप्पारावानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि जीपमध्ये जाऊन बसला. "मला दिलंस" हेही म्हणाला नाही आणि "खोटं बोलतीस" हेही नाही. पुढाऱ्यांना ही विद्या चांगली येते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण इथं फाशीच्या आधी संन्याशाचा सत्कार झाला, हे आणखी वाईट.

छावणी माळावर पडली. राधाकिशन स्वतः दावणी आखून देत होता. बायनाबाई म्हैस घेऊन आली तसा तो उठून उभा राहिला. गावानं असं कधी पाहिलं नव्हतं. "बायनाबाईची म्हैस हितं बांधा, हौदाजवळ. बाभळीची सावली हाय."

"मालक, मी तुमाला मत दिलं न्हाई."

राधाकिशननं इकडं तिकडं पाहिलं आणि डोळा बारीक केला. "बरं केलंस."

"न्हाई, खरंच न्हाई दिलं. आप्पालाच दिलं."

"आसंच म्हनत राहा! हुशार हायस." तो खूश होऊन हसला. "तू न्हाई तं मग कुनी दिलं, सांग की."

तिला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं. "मला ठावं न्हाई," ती म्हणाली आणि राधाकिशननं मान हलवली, म्हणजे सौदा पक्का. बायनाबाईनं म्हैस सोडली आणि माळाच्या टोकाला, उन्हात, शेवटच्या दावणीला नेऊन बांधली. दुसऱ्या दिवशी राधाकिशनच्या गड्यानं ती परत बाभळीखाली आणली. तिनं पुन्हा उन्हात नेली, त्यानं पुन्हा सावलीत आणली. शेवटी म्हैसच बाभळीखालून उठेना. तिला धर्म, पार्टी, काहीच नव्हतं. तिला सावली हवी होती. बायनाबाईनं दोरी ओढून पाहिली, मग दोरी टाकली आणि तिथंच खाली बसून रडली. येणारे-जाणारे बघत होते. त्यांना रडणं दिसलं नाही, सावली दिसली. "बघा, फुटल्याचं फळ," असं म्हणत ते पुढं गेले.

उत्तरेश्वर घरी येऊन भांडला. "वैनी, भंडारा म्हंजे काय? हळद! कालवनात घालतीस का न्हाई?"

"घालती. कालवनाला कुनी माझा शब्द मागत न्हाई."

"तुझ्या शब्दापायी आमची दोन घरं उघडी पडली. लोक म्हनत्यात किरिस्ताव समदे बिनशपथेचे, कवा पलटी मारतील नेम न्हाई. कोर्टात साहेबलोक बी हात वर करून शपथ घेत्यातच की!"

कोर्टात ती कधी गेलीच नव्हती. महिन्यातून एकदा बीडहून पाळकसाहेब यायचे. त्यांच्यापुढं तिनं सगळं मांडलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, म्हणाले, "बायनाबाई, तुमचं बरोबर आहे. फार बरोबर आहे. पण आपण इथं थोडे आहोत. जरा जपून." प्रार्थना केली, चहा घेतला आणि एसटी चुकायला नको म्हणून निघाले. त्यांनी तिला चूक म्हटलं असतं तर ती वाद तरी घालू शकली असती. ते बरोबर म्हणून निघून गेले, त्याला काय करणार?

त्या उन्हाळ्यात बायनाबाई फार एकटी पडली. टँकर आला की बायकांच्या घोळक्यात तिच्या हंड्याभोवती जागा मोकळी राहायची. कुणी शिवी दिली नाही, भांडण काढलं नाही, तोंड तेवढं वळवलं. तिनं "राम राम" म्हटलं की समोरचा असं बघायचा, की हिचा राम राम खरा की खोटा? जी बाई शपथ घेत नाही तिचं प्रत्येक वाक्य आता तपासून घेतलं जात होतं, आणि दिवसाला वीस शपथा खाणारे खुशाल खरे ठरले होते. ती प्रार्थनेत धोंडीरामाची ओळ म्हणायची. देव ऐकतो यावर तिचा विश्वास होता. पण देव मधेच "व्हय" म्हणत नाही. धोंडीराम म्हणायचा.

एके दिवशी भर दुपारी विमलबाई छावणीत आली. आप्पारावाच्या घरची बाई एकटी, उन्हात, डोक्यावर पदर घट्ट. तिच्या अंगात कणकण होती. बाभळीच्या मागं बसली.

"बायना, ते मत माझं व्हतं."

बायनाबाई उसाच्या वाढ्याची पेंढी सोडत होती. तिचा हात थांबला.

"आप्पा भायाजी माझ्या वाट्याचं रान कसत्यात. धनी गेल्यापास्नं दाना न्हाई दिला. इचारलं तं म्हनत्यात, तुला येकटीला रान कशाला? भंडारा उचलला तवाच ठरवलं व्हतं, ह्यांना न्हाई द्यायचं." तिनं पदर तोंडाशी धरला. "आता रोज सपनात पिवळं दिसतंय. पोरगं तापानं फनफनलंय, उतरंना. खंडोबा घर बुडवनार माझं. तुझा देव येगळा हाय. तो काय म्हनतो?"

बायनाबाईला त्या क्षणी राग आला. एवढा राग तिला जन्मात आला नव्हता. माझं नाव घेऊन ओरडलीस, आणि आता माझा देव मागतीस! पण समोर एक रान गेलेली विधवा ताप अंगात घेऊन बसली होती, आणि रान नसलेल्या बाईची गत काय होते ते बायनाबाईला कुणी सांगायला नको होतं.

"पोराला तालुक्याला डाक्टरकडं ने," ती म्हणाली. "भंडाऱ्यानं ताप येत न्हाई. खोटं बोललीस ते पाप हाय, ते देवापुढं कबूल कर. तुझ्या देवापुढं कर. पोराच्या डोक्यावर ते घालू नको."

"तू कुनाला सांगशील?"

"न्हाई सांगनार."

विमलबाईनं तिचा हात धरला. सवयीनं, नकळत, तिच्या तोंडून निघालं, "शपथ घे!"

बायनाबाईला नवल वाटलं. या बाईला साऱ्या गावात एकटीला ठाऊक होतं की बायनाबाई खरं बोलली. तरी हिलाही शब्द पुरेना.

"न्हाई म्हनलं म्हंजे न्हाई," ती म्हणाली.

विमलबाई उठून गेली, पण तिचं मन भरलं नव्हतं हे चालण्यावरून कळत होतं. आणि ज्याच्या पोटात भीती असते तो तोंडानं जास्त वाजतो. पुढचे कितीतरी दिवस टँकरपाशी बायनाबाईच्या नावानं सगळ्यात मोठा आवाज विमलबाईचाच. पोराचा ताप उतरला, तरी आवाज उतरला नाही.

कडूबाई एवढे दिवस नवऱ्याच्या धाकानं लांब होती. तिचा नवरा आप्पारावाच्या पार्टीतला. शेवटी एका सकाळी तिनं मेंढरं मुद्दाम छावणीच्या अंगानं वळवली आणि बायनाबाईशेजारी येऊन बसली. मिश्रीची डबी पुढं केली.

"बायने, तू तसली न्हाईस, मला ठावं हाय. पर मी लोकांशी भांडू कशावर? तू उचलला असतास तं छातीला हात लावून भांडले असते. आता म्हनत्यात, तिनं उचलला कुठं?"

"मी म्हनते त्यावर भांड."

"तुझ्या नुसत्या म्हनन्यावर कोन आयकतंय?" कडूबाई जवळ सरकली. "तू न्हाई, तं मग कोन? येवढं मला सांग. मग बघ कसं गाव डोक्यावर घेते!"

विमलबाई येऊन जायच्या आधी हाच प्रश्न आला असता तर बायनाबाई "ठावं न्हाई" म्हणून मोकळी झाली असती. आता ते खोटं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर विमलबाईला दिलेला शब्द जात होता. ती हातातल्या डबीकडं बघत राहिली.

कडूबाईनं तिचं तोंड वाचलं. इतक्या वर्षांची मैत्रीण, तिला काय अवघड? "तुला ठावं हाय," ती हळूच म्हणाली. "ठावं हाय आन मला सांगत न्हाईस. मला!" डबी तिनं परत घेतली, मेंढरांना हाळी दिली आणि निघाली. वळून पाहिलं नाही. गावानं टाकलं ते बायनाबाईनं सोसलं होतं. हे सोसायला तिला जागाच सापडेना. ती म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली.

पाऊस त्या साली उशिरा आला आणि आल्यासारखा करून गेला. छावणी चालूच राहिली. राधाकिशनच्या कारभारात पेंड अर्धी, वाढं अर्धं, आणि ओरड पुरी. त्याचीच माणसं कुरकुरायला लागली. अशातच एके सकाळी आप्पाराव बायनाबाईच्या दारात आला. तो मातंग वस्तीत मतांच्या हंगामाशिवाय कधी आला नव्हता, आणि घरात शिरून बसायची तर गोष्टच नाही. तिनं ओट्यावर घोंगडी टाकली, पाणी विचारलं. तो म्हणाला, आत्ताच पिलो.

"राधाकिशनवर अविश्वास ठराव आनतोय," त्यानं सरळ सुरुवात केली. "त्याची काही मानसं आली माझ्याकडं. तुझं येक मत कमी पडतंय."

"माझ्या मताचा भरवसा हाय तुमाला?"

"हाय की. मागं बी दिलंतंस मला."

तो हे अगदी सहज बोलून गेला. बायनाबाईला वाटलं आपण काही वेगळंच ऐकलं.

"तुमाला ठावं हाय?"

"त्याच दिवशी कळलं मला. तू व्हय म्हनली व्हतीस. धोंड्याची बायको तू, न्हाई द्यायचं असतं तं तोंडावर न्हाई म्हनली असतीस." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गहिनीनाथ आन बाकीची माझ्या जिवावर जगत्यात, त्यांची छाती न्हाई. माझ्या घरातलंच मानूस हाय. नाव मी इचारत न्हाई आन तू बी सांगू नको."

"मग त्या दिशी चारचौघांत कावून गप बसला?"

आप्पारावानं तिच्याकडं नवलानं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की हे काय विचारणं झालं!

"घरातल्या बाईचं नाव गावात करू? घराची अब्रू हाय. कुनावर तरी जायाचंच व्हतं ते. तुझं येकटीचं काय जानार व्हतं?"

काय गेलं ते सांगायला बायनाबाईनं तोंड उघडलं. टँकरपाशी हंड्याभोवतीची मोकळी जागा, भावजींचा अबोला, कडूबाईनं परत घेतलेली डबी. मग मिटलं. ज्याला हे सांगावं लागतं त्याला ते कळत नाही.

"मग? देनार ना मत?"

"न्हाई."

"राधाकिशनकडं जानार?"

"कुनाकडं न्हाई. ठरावाला माझा हात वर व्हनार न्हाई. खरं ठावं असून जो गप बसला, त्याच्या हातात गावाची दावण मी देनार न्हाई."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर आप्पारावानं तासभर गूळ लावला असता, दम भरला असता, माणसं मधे घातली असती. बायनाबाईला त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिथल्या तिथं त्याच्या डोक्यात ठराव बारगळला. टोपी घालून तो उठला. ओट्याची पायरी उतरताना मात्र थांबला.

"बायना, ही आपली गोष्ट बाहेर जायाला नको."

तिच्या मनात कडूबाई आली. आत्ता रानात असेल. नुसतं जाऊन एवढं सांगायचं, की आप्पानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, मी खरी होते. मग "फुटलं कोन?" हा प्रश्न आलाच. आणि त्या प्रश्नाच्या टोकाला विमलबाई आणि तिचं पोर उभं होतं.

"न्हाई जानार," बायनाबाई म्हणाली.

आप्पारावानं मान डोलावली आणि तो निर्धास्त चालू लागला. सख्ख्या भावजयीलासुद्धा भंडारा उचलायला लावणाऱ्या त्या माणसानं बायनाबाईकडं शपथ मागितली नाही.